मुलीला मास कम्युनिकेशन करायचंय, खाजगी विद्यापीठात पाठवू का? (बेळगाव-खानापूर भागातल्यांनी जरूर सांगावं)

खानापूर_रस्ता

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. छोटी भाताची गिरण आहे, थोडी शेती. थोरली मुलगी यंदा सेकंड पीयूसी (बारावी) झाली, आर्ट्स. एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी माध्यम, पीयूसी बेळगावला बसनं जाऊन-येऊन केलं. आता म्हणते मास कम्युनिकेशन करायचंय, पुण्यात, एका खाजगी विद्यापीठात. प्रवेश परीक्षा दिली, मुलाखत दिली, परवा निवड झाल्याचा मेल आला. फी, हॉस्टेल, खाणं सगळं धरून तीन वर्षांचे अकरा लाख होतात. पहिला हप्ता भरायला दहा दिवस आहेत.

कर्ज काढू, त्याचं मला एवढं वाटत नाही. खरं ह्या शिक्षणातलं मला काहीच कळत नाही. आमच्या गावात डी.एड. झालेले आहेत, इंजिनिअर आहेत, मिलिटरीत तर घरटी एक आहे. हे केलेलं कुणीच नाही. भावकीतले म्हणतात, टीव्हीवर बातम्या वाचायला अकरा लाख कशाला? मुलीचं म्हणणं, ते काम म्हणजे फक्त बातम्या वाचणं नव्हे.

तिची ओढ खोटी नाही एवढं मला माहीत आहे. सातवी-आठवीत असल्यापासून ग्रामसभेला माझ्याबरोबर यायची आणि रात्री आजीपुढं बसून सगळी सभा सांगायची. कोण आधी उठला, कुणी पाण्याच्या टाकीचा विषय काढला, अध्यक्षांनी काय उत्तर दिलं, सगळं त्याच क्रमानं. आजीला ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं सांगायची, म्हणून आम्हालाही ऐकायला मिळायचं.

ज्यांनी हे शिक्षण घेतलंय किंवा जे ह्या कामात आहेत त्यांनी मोकळेपणानं सांगावं.

कॅम्प_परिसर

दादा, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पत्रकारिता विभाग धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, दोन्ही सरकारी. धारवाड आपल्याला पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूर शंभर-सव्वाशे. पदवी इथंच साधी बीए करू दे आणि पत्रकारितेचं पदव्युत्तर तिकडं. पुण्यातच जायचं असेल तर पदवीनंतर रानडे इन्स्टिट्यूट आहे, तेही सरकारी विद्यापीठाचंच. माझा भाचा एका चॅनेलात पाच वर्षं आहे, अजून पंचवीस हजारांवर. अकरा लाखांचं कर्ज आणि असला पगार, हे गणित बसत नाही.

वडगावची_लेक

काका, मी वडगावची. आमच्या घरी दोन यंत्रमाग होते, आता एक चालतो. मी २०१७ साली पुण्याच्याच एका खाजगी विद्यापीठात ह्याच शिक्षणाला गेले आणि २०२० मध्ये, ऐन कोरोनात, बाहेर पडले. आता एका मराठी डिजिटल वृत्तसंस्थेच्या डेस्कवर आहे. तुमची पोस्ट वाचून माझे वडीलच आठवले. जरा लांब लिहिते.

आधी काय शिकवतात ते. पहिल्या वर्षी बातमीचे कोण, काय, कधी, कुठं, का, कसं. बातमीत महत्त्वाचं वर आणि तपशील खाली, त्याला उलटा पिरॅमिड म्हणतात. फोटो, कॅमेरा, आवाज, संकलन. दुसऱ्या वर्षी माध्यमांचा कायदा: राज्यघटनेचं कलम १९(१)(क), त्यावर बंधनं घालणारं १९(२), बदनामी, माहिती अधिकार २००५. शेवटच्या वर्षी वाट निवडायची. पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क किंवा चित्रफीत-निर्मिती. म्हणजे तुमची मुलगी बरोबर सांगते. आमच्या वर्गातले निम्मे सुद्धा बातमीत नाहीत.

पहिलं सेमिस्टर मला फार जड गेलं. सगळे दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी शाळांतले. मास्तर जे बोलायचे ते मी वहीत मराठीत लिहून घ्यायचे, रात्री त्याचं इंग्रजी करायचे. घरी फोन केला की आई विचारायची, जेवलीस काय, आणि मी रडायचे. हे मुलीला आधीच सांगा. तिला वाटेल आपल्यातच काहीतरी कमी आहे. तसं काही नसतं, चार-सहा महिन्यांत कान बसतो.

मग नोव्हेंबर आला. एका सरांनी सांगितलं, आपापल्या गावचं एखादं वर्तमानपत्र आणा. मी वडिलांना २ नोव्हेंबरचे अंक पाठवायला सांगितले. एक कन्नड, एक मराठी. त्यांनी पुण्याच्या गाडीला ड्रायव्हरकडं पार्सल दिलं, मी सकाळी स्वारगेटला जाऊन घेतलं. तुम्हाला वेगळं सांगायला नको, १ नोव्हेंबरला आपल्या गावात काय असतं. एका अंकाच्या पहिल्या पानावर राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, चन्नम्मा चौक, लाल-पिवळे झेंडे. दुसऱ्याच्या पहिल्या पानावर, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या मराठी लोकांची काळे कपडे घालून निघालेली सायकल फेरी. गाव एक, सकाळ एक. कन्नड पानाचा एकेक मथळा मी फळ्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून दाखवला, वर्ग गप्प बसून बघत होता. सरांनी त्यावर अख्खा तास घेतला. १९६८ च्या अमेरिकेच्या निवडणुकीत मॅककॉम्ब्स आणि शॉ ह्या दोघांनी चॅपेल हिल गावातल्या मतदारांशी बोलून ताडून बघितलं होतं, की माध्यमं ज्या विषयांना जागा देतात तेच विषय लोकांना महत्त्वाचे वाटायला लागतात. ह्याला अजेंडा-सेटिंग म्हणतात. पुस्तकात ते चार पानं होतं. मला ते लहानपणापासून दरवर्षी १ तारखेला घराबाहेर दिसत होतं. त्या दिवसापासून वर्गात मी मागच्या बाकावर बसले नाही.

काका, तुमच्या मुलीकडं हेच आहे. मराठी घरातली, कन्नड बाजारातली आणि शाळेतली, हिंदी येतेच. खानापुरात तर चौथा कान आहे, गोव्याचा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि तिथंच कळसा कालव्याचा, म्हणजे गोव्याकडं जाणाऱ्या म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा वाद. म्हादई लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्याची बातमी पणजीच्या मराठी पेपरात एक, हुबळीच्या कन्नड पेपरात दुसरी. कणकुंबीच्या माणसाला नेमकं काय वाटतं ते दोन्हीत सापडायचं नाही. तिथं जाऊन ते विचारून लिहिणारं माणूस हवं आहे, आणि ते पुण्या-मुंबईहून येणार नाही.

खानापूर_रस्ता

ताई, डोळ्यात पाणी आलं वाचून. कणकुंबीला आमची सोयरीक आहे. तुमचं लिहिणं मुलीला वाचून दाखवतो. खरं कॅम्पवाल्या दादांचं पैशाचं म्हणणं पण खोटं नाही की. तुम्हाला सुरुवातीला काय मिळालं?

वडगावची_लेक

महिना १८ हजार, काका. दोन वर्षं तेवढ्यावरच होते, खोली तिघींत. कॅम्पवाले दादा चुकीचं सांगत नाहीत. आमच्याकडं माग विकून काही पैसे उभे केले होते, त्याचं ओझं मला अजून वाटतं. म्हणून विद्यापीठ कुठलं आणि तिथं नेमकं काय मिळतं ते बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

आमच्या माहितीपत्रकावर स्टुडिओचा फोटो होता. मोठ्ठा, हिरवा पडदा, तीन कॅमेरे. पहिलं वर्षभर त्याला कुलूप. साठ मुलांना वापरायला दोन कॅमेरे, तेही संध्याकाळी पाचच्या आत परत. पालकांना फिरवून दाखवतात तेव्हा मात्र दिवे लावलेले असतात. म्हणून मुलीला चार प्रश्न लिहून मेलवर पाठवायला सांगा, फोनवर नको. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॅमेरा आणि आवाजाचं सामान बाहेर नेता येतं का, किती दिवस? प्रात्यक्षिकं कोण घेतं, आणि त्यांनी ह्याआधी कुठं काम केलंय? मागच्या वर्षीची मुलं इंटर्नशिपला नेमकी कुठं गेली, आणि ती जागा विद्यापीठानं लावून दिली की मुलांनी शोधली? चौथा प्रश्न मी त्या वेळी विचारला नव्हता: मराठीत काम करून दिलं तर ते तपासणारा शिक्षक आहे का? आमच्याकडं एकच सर होते. ते नसते तर माझी तीन वर्षं दुसऱ्याच्या भाषेत गेली असती.

विद्यापीठाचं स्वतःचं कम्युनिटी रेडिओ केंद्र असेल तर फार चांगलं. भारतात कॅम्पसवरचं पहिलं केंद्र २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सुरू झालं. आपल्या बेळगावातही केएलई शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी ९०.४ आहे. अशा केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, तो नियमच आहे. पण शेती, आरोग्य, गाणी, मुलाखती सगळं करता येतं. आणि माइकसमोर माणसाला बोलतं करायची सवय तिथं लागते तशी कुठंच लागत नाही.

निवृत्त_बँकवाला

मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. दोन गोष्टी सांगतो.

आधी विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) यादीत आहे का बघा. खाजगी विद्यापीठ म्हणजे राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून स्थापन झालेलं, आणि अभिमत म्हणजे केंद्र सरकारनं यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली दर्जा दिलेलं. दोन्हींच्या याद्या यूजीसीच्या संकेतस्थळावर आहेत. ‘विद्यापीठाशी संलग्न संस्था’ असं कुणी खाजगी विद्यापीठाबद्दल सांगू लागला तर थांबा, कारण खाजगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. पदवीवर कुणाचं नाव येणार तेही लेखी विचारा.

दुसरं कर्ज. ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा भरावा लागत नाही. त्यापुढं देशातल्या शिक्षणाला ५ टक्के आपण घालायचे. साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज बसतं, त्याला सरकारची हमी योजना आहे. तुमचे अकरा लाख म्हणजे वरच्या रकमेला बँक शेत किंवा घर मागू शकते. माझा सल्ला, साडेसातच्या आत बसवा. हॉस्टेलऐवजी बाहेर चौघींत खोली, लॅपटॉप जुना, असं करून बसतं. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. जमेल तसं तेवढं व्याज महिन्याला भरत राहिलात तर शेवटी बोजा पुष्कळ हलका होतो. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्याज-सवलतीचं शाखेत विचारा, संस्थेच्या अटी असतात.

वडगावची_लेक

बँकवाल्या काकांचं लिहिणं वाचून आठवलं. माझ्या एका मैत्रिणीनं दोन आठवड्यांत प्रवेश सोडला तर विद्यापीठानं तिची मूळ गुणपत्रिका द्यायला महिनाभर फिरवलं. ती रोज ऑफिसबाहेर बाकावर बसायची. पैशाचं तर नावच नको. ह्याचा काही नियम आहे का हो?

निवृत्त_बँकवाला

आहे तर! यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना. मूळ प्रमाणपत्रं संस्थेला ठेवून घेताच येत नाहीत. बघायची, पडताळायची, लगेच परत द्यायची. फी परत मिळण्याचाही तक्ता आहे. संस्थेनं जाहीर केलेल्या प्रवेशाच्या अखेरच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडला तर १०० टक्के, त्यातून कामकाजाचे म्हणून ५ टक्के, पण ५ हजारांच्या वर नाहीत, कापता येतात. तारखेच्या आधीच्या १५ दिवसांत ९० टक्के. नंतरच्या १५ दिवसांत ८०. सोळाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत ५०. महिना उलटला की काही नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी ती अखेरची तारीख कुठली ते लेखी घ्या.

शहापूर_कट्टा

सीमाभागाचा दाखला चालतो का ह्याला? माझ्या पुतण्याला इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात त्याच्यावर मिळाला होता प्रवेश.

वडगावची_लेक

महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठीची ती सोय महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या (सरकारी प्रवेश परीक्षा कक्ष) प्रवेशांना आहे, इंजिनिअरिंग, एमबीए वगैरे. रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन कागद लागतात. माझ्या खाजगी विद्यापीठाची परीक्षा त्यांची स्वतःची होती, फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

बंगळूर_मुक्काम

मी निपाणीचा, बंगळूरला एका मोठ्या हॉस्पिटलच्या कम्युनिकेशन विभागात आहे, मणिपालला शिकलो. पगाराबद्दल वर जे लिहिलंय ते बातमीच्या बाजूचं. जनसंपर्क, हॉस्पिटल, बँका, स्वयंसेवी संस्था इथं सुरुवात थोडी बरी होते.

पण मला कन्नडबद्दल लिहायचं आहे. आमच्या भागात कित्येक घरांत मुलांना सांगितलं जातं, कन्नड पास होण्यापुरती कर. माझ्याही घरी तसंच होतं आणि त्यामागचं दुखणं मला ठाऊक आहे. पण मला नोकरी मिळाली ती कन्नडमुळं. मुलाखतीत त्यांनी एक आरोग्याचं पत्रक दिलं, कन्नड आणि मराठी दोन्हींत करून दाखवा म्हणाले. बागलकोट, विजापूर, सोलापूर, कोल्हापूरकडून येणारे पेशंट असतात, त्यांच्या नातेवाइकांना सही करायच्या आधी कागदात काय लिहिलंय ते समजायला हवं. बंगळूरच्या मुलांना मराठी येत नव्हती आणि मुंबईहून आलेल्यांना कन्नड. काका, मुलीला रोज एक कन्नड पेपर वाचायला लावा. आपली मराठी त्यानं कमी होत नाही.

नंदगडचे_मास्तर

बंगळूरकरांचं म्हणणं मला, आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला, शंभर टक्के मान्य आहे. आम्ही ६ जानेवारीला शाळेत पत्रकार दिन करायचो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं म्हणून. ते मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघायचं, हे मुलांना मी मुद्दाम सांगायचो. कन्नड पत्रकार दिन १ जुलैला असतो, १८४३ च्या ‘मंगळूर समाचार’वरून. आपल्या मुलांना दोन्ही तारखा पाठ असायला हव्यात. आणि शिकून हे काम करता येतं का म्हणणाऱ्या भावकीला सांगा, डॉ. ना. भि. परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि मग १९३२ साली पुण्यात त्यांनी ‘सकाळ’ काढला. आपल्या बेळगावात तर १९१९ पासून बाबूराव ठाकुरांचा ‘तरुण भारत’ आहे.

मुलगी ग्रामसभा सांगायची हे वाचून फार बरं वाटलं. तिला माझा आशीर्वाद.

कॅम्प_परिसर

मी माझं थोडं बदलतो. चार प्रश्नांची उत्तरं चांगली आली आणि कर्ज साडेसातच्या आत बसलं तर पाठवा. नाही बसलं तर धारवाड-कोल्हापूर आहेच, तिथं जाऊनही हेच काम करता येतं. पदव्युत्तरला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्था) अमरावती केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. म्हणजे आज जमलं नाही म्हणून दार बंद झालं असं मुलीनं समजू नये.

खानापूर_रस्ता

मी मुलगी लिहितेय, बाबांच्या फोनवरून. सगळ्यांना नमस्कार. धागा तीनदा वाचला. चार प्रश्न काल रात्रीच मेल केले. अजून उत्तर नाही.

वडगावच्या अक्का, तुम्हाला एक विचारायचं होतं. पुण्याला जायला मिळो न मिळो, कणकुंबीचं मला ह्या सुट्टीतच करून बघायचंय. बाबा घेऊन जातो म्हणालेत. आत्तेकडं राहणार. तिथल्या एका आजोबांशी मागच्या महिन्यात बोलले, फोनवर रेकॉर्ड पण केलं, पण ऐकताना वाराच ऐकू येतो, आजोबा नाहीत. ते जे म्हणाले ते मला आठवतंय, पण त्यांच्या आवाजातच हवं होतं. असं झालं तर काय करायचं?

वडगावची_लेक

बाळ, माझं पण हेच झालं होतं! ऑगस्ट २०१९, शेवटचं वर्ष. सगळीकडं पूर आणि आमच्या वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी. चॅनेलवाले रस्त्यावरूनच पाणी दाखवून गेले. मी वडिलांच्या मित्राच्या भातात गुडघाभर चिखलात उभी राहून त्यांना एकच विचारलं, परत लागण करायची झाली तर रोप कुठून आणणार? ते अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये दहा मिनिटं बोलले. बियाणं, बायकांची मजुरी, कुणाकडून उसनं घ्यायचं, सगळं. पुण्यात जाऊन हेडफोन लावला तर नुसता घोंघावता वारा. सर म्हणाले, परत जा. तिकिटाचे पैसे मैत्रिणीकडून घेतले आणि परत आले.

दुसऱ्या खेपेला आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चौपदरी करून माइकवर गुंडाळला, रबर लावलं. माणसाची पाठ वाऱ्याकडं, आपण त्याच्यासमोर, माइक छातीपाशी, तोंडापासून वीतभर. बोलणं सुरू करायच्या आधी अर्धा मिनिट दोघांनी गप्प राहून नुसतं तिथलं रेकॉर्ड करायचं, पाणी, बेडूक, लांबचा ट्रॅक्टर. ते नंतर जोडताना लागतं. मग लगेच तिथंच ऐकून बघायचं, माणूस समोर असताना. आणि आजोबांना परत तेच विचारायला संकोचू नकोस. दुसऱ्यांदा सांगताना माणसं जास्त सांगतात, माझ्या काकांनी पहिल्या वेळी उसनवारीचा आकडा सांगितलाच नव्हता.

माझा जुना कॉलर माइक वडगावला कपाटात पडून आहे, वायर जरा सैल आहे पण चालतो. मी रविवारी घरी येतेय. बाबांना घेऊन दुपारी ये, घेऊन जा. येताना आजोबांचं ते वाऱ्याचं रेकॉर्डिंग पण आण, कान लावून बघू त्यातलं काय निघतंय.